शेवंतीच्या टापेची माती

धारूर,
माघ वद्य पंचमी, शके १८३७

प्रिय उत्तरेश्वर,

पंधरा वर्षांनी अक्काचं पत्र हातात पडलं म्हणून घाबरू नकोस. आप्पा आहेत, मी आहे, तुझे दाजी आहेत. आई गेली, ते धुळाजीनं तुला सांगितलंच असेल. तोच धुळाजी कापूस घेऊन जालन्याला गेला होता आणि स्टेशनाबाहेर टांग्याच्या रांगेत तुला बघून आला. आल्या आल्या माझ्या ओसरीवर बसून तासभर तुझंच पुराण. मिशी आप्पांसारखी ठेवली आहेस म्हणे. टांग्यात चाबूक आहे, पण तो नुसता शोभेला, घोडं तुझ्या जिभेच्या टकटकीवर चालतं म्हणे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि मग बाहेर येऊन धुळाजीला चहा दिला. पत्ता त्याच्याकडूनच घेतला. माझ्यावर तुझा राग असेल तर तो रास्त आहे. किती रास्त, ते तुला अजून ठाऊक नाही. म्हणून एवढंच मागते, फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात आम्ही आंब्याला जाऊन आलो. सरकारी कागदावर त्याला मोमिनाबाद म्हणतात, पण जोगाईचं आंबं ते आंबंच. जोगाईपाशी काम होतं. कसलं, ते शेवटी सांगते, नाहीतर तू तेवढंच वाचून बाकीचं ठेवून देशील, लहानपणी लाडवातले बेदाणे तेवढे वेचून खायचास तसं. आप्पा म्हणाले, मीही येतो. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माणूस आवाजावरून ओळखतात. पण गाडीत बसले ते असे ताठ, की केजच्या मुक्कामाला धर्मशाळेचा रखवालदार त्यांना रिसालदारच समजला. आप्पांनी ते खोडून काढलं नाही. रखवालदारानं विचारलं, मुलंबाळं किती? आप्पा म्हणाले, एक मुलगी. पंधरा वर्षं हेच उत्तर आहे. तुझं नाव त्यांनी त्या दिवसापासून घेतलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर उठून जातात.

घोडदळाचा रिसाला गेल्यापासूनचं आंबं तू पाहिलेलं नाहीस. छावणी उठली, स्वारांच्या लायनी ओस पडल्या, आपल्या खोलीचं छप्पर कुणीतरी वाशांसकट नेलंय. कडुनिंब तेवढे आहेत. दारातल्या आपल्या निंबाला आपल्या शेवंती घोडीचं दावं घासून जे वळ पडले होते, ते अजून आहेत, मी हात लावून बघितले. देवीचं दर्शन झालं, काम झालं, आणि गाडीवान बैल जुंपायला लागला तेव्हा आप्पा एकाएकी म्हणाले, “सुबे, चकरीवर ने मला. एकदा पायाखालून जाऊ दे.”

चक्कर! उत्तरेश्वर, त्या शब्दानंच माझ्या अंगावर काटा आला. आपल्या घरात देवाच्या खालोखाल तोच शब्द होता. शर्यतीचं मैदान म्हणायचं नाही, नुसतं चक्कर. घोडी घरची आणि चाकरी रिसाल्याची, असं आपलं शिलेदाराचं घर, त्यामुळे जेवताना चक्कर, उठता बसता चक्कर. पण बायकांनी तिकडं फिरकायचं नाही. साहेबलोक, सरदार, तालुक्याचे अंमलदार, हजारो पुरुष तिथं जमायचे आणि आम्ही बायका घरात बसून जमिनीचा हादरा ऐकायचो. उतरंडीतली मडकी वाजायला लागली की आई म्हणायची, सुटली घोडी. तू चार वर्षांचा असताना जात्यावर मांड ठोकून बसायचास आणि मी दळायला आले की म्हणायचास, अक्का, थांब, माझं घोडं शर्यतीत आहे. तुझ्या त्या शर्यतीपायी आईचे किती धपाटे मी खाल्ले.

टेकाडावर गाडी थांबली आणि मी उभी राहिले. काय सांगू तुला! मी म्हणत होते, बारा तेरा वर्षं पडीक असलेलं मैदान, आता तिथं काय असणार, मेंढरं आणि बोराट्या. मेंढरं होतीच. पण सगळ्या माळावर कुसळीचं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि त्या पिवळ्या माळाच्या मधोमध हिरवं कडं! अखंड, कुठं तुटलेलं नाही. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी काही कुटली गेली होती की तिथं कुसळ रुजलंच नाही, नुसती हरळी धरली. माघाच्या उन्हात ती हिरवी. माणसं गेली, घोडी गेली, आता तर म्हणे निजामसरकारचे स्वार दर्यापार लढाईला गेलेत, पण इथं घोडी जिथून धावली ती वाट जमिनीनं जशीच्या तशी सांभाळलीय. केवढं ते कडं! एका नजरेत मावेना, मान वळवावी लागत होती. मला वाटलं, देवळात मघाशी जे हात जोडले ते लवकर जोडले, खरे इथं जोडायला हवे होते. गाडीवानाला हसू येईल म्हणून नाही जोडले.

आप्पांनी जोडे काढून हातात घेतले. मी म्हटलं, काटे आहेत. ते म्हणाले, “पायाला सगळं ठावं हाय.” आणि खरंच, माझा दंड धरून चालायला लागले ते हरळीवरून एकदाही बाहेर गेले नाहीत. घरात उंबऱ्याला अडखळणारा माणूस हा! इथं दगड आहे म्हणाले, तिथं दगड होता, चुना उडालेला, मैलाचा चौथा हिस्सा दाखवणारा. इथून चढ लागतो म्हणाले, मला तर चढ दिसलाही नाही, पण दहा पावलांनी दम लागला तेव्हा पटलं. इथं घोड्याला श्वास घेऊ द्यायचा, इथं मागून येणाऱ्याचा आवाज ऐकायचा, पण मागं बघायचं नाही. साहेबांचा चबुतरा अजून उभा आहे, त्याच्या पायऱ्यांत पिंपळ उगवलाय. त्याच्यापुढं येऊन आप्पांनी नकळत छाती काढली. त्यांचे डोळे निकामी आहेत रे, पण तेवढा वेळ मला असं वाटत होतं की आंधळी मीच आहे आणि दिसतंय ते त्यांना. जन्मभर ज्या बापाला मी नुसतं घोडीला खरारा करताना आणि आईवर खेकसताना पाहिलं, तो हा माणूस कोण होता, ते मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

मग पलीकडचं वळण आलं. बाभळीचं. तुला कुठलं ते सांगायला नको. चबुतऱ्यावरून ते दिसत नाही, मध्ये टेकाड आणि बाभळी येतात. तिथं आप्पा थांबले. हाताची पकड एवढी घट्ट झाली की माझ्या बांगड्या रुतल्या. म्हणाले, “हितं. हितं माजं नाक कापलं गेलं.” त्यांनी नाव घेतलं नाही, पण पंधरा वर्षांत ते तुझ्याविषयी पहिल्यांदा बोलले.

घराला ठाऊक असलेली गोष्ट तुलाही ठाऊक आहे. आप्पांचा गुडघा दुखावला म्हणून त्या वर्षी शेवंतीवर तू बसलास, अठरा वर्षांचा. सगळ्यांच्या पुढं होतास. टेकाडाआड गेलास तो पहिला आणि बाहेर आलास तो सगळ्यांच्या मागून, चालत, घोडीचा लगाम हातात. बाकीच्या स्वारांना धुरळ्यात फक्त वाटेत आडवी उभी घोडी दिसली. तू म्हणालास, एक बाई आडवी आली, घोंगडं पांघरलेली. माणसं पाठवली, बाई कुठंच नव्हती. लोक हसले. मांडी सुटली, पोर भ्यालं, असं छावणीभर झालं. आणि घरी येऊन तू अंगणात उभा राहून तेच सांगत होतास, तेव्हा आप्पा म्हणाले, “बाईच्या पदराआड लपतूस व्हय बे?” तो शब्द मला अजून ऐकू येतो. तू माझ्या बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आलास. म्हणालास, अक्का, तू तरी मानतेस ना? मी बाजेवर होते, केसर पदराखाली होती. मी म्हणाले, मला काय ठाऊक, मी तर आत होते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू गेलास.

उत्तरेश्वर, मी आत नव्हते.

आता थांबू नकोस, वाच. माझी आधीची दोन बाळं गेली होती, तुला आठवत असेल, दोन्ही महिन्याच्या आत. केसर तिसरी, तीही रडायला जोर नसलेली, बोटभर. सासूबाई तिला बघायला आल्या होत्या आणि दुसरी करायचं बोलणं त्यांनी आईपाशी काढलंही होतं. दगडाबाई सुईण मला म्हणाली, शर्यतीत पुढं असलेल्या घोड्याच्या टापेची माती ताजी ताजी बाळाच्या कपाळाला लावावी, तीट लावतात तशी, बाळ घोड्यासारखं दांडगं होतं. पण बाळ तिथं न्यावं लागतं, माती थंड व्हायच्या आत. आज हे लिहिताना मला माझंच हसू येतं. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की विहिरीत उतर, तर उतरले असते. सासूबाई आणि आई दुपारी लवंडल्या होत्या, पुरुष सगळे चकरीवर. बाळंत होऊन सत्तावीस दिवस झालेले, सव्वा महिना व्हायचा होता. मी कान बांधले, डोक्यावरून आप्पांचं घोंगडं घेतलं, केसरला छातीशी बांधलं आणि मागच्या ओढ्यानं त्या वळणाशी जाऊन तरवडाच्या झुडपात बसले. आपलाच भाऊ पुढं असणार याची मला खात्री होती. तू होतासही. शेवंतीचा पांढरा पाय चमकून गेला आणि मागून सगळी घोडी धडधडत गेली. आणि मी उठून मैदानात शिरले.

मला काय ठाऊक, घोडी परत येणार! आजोळी आपण शंकरपट बघायचो, बैल एकदा सुटले की सरळ जातात आणि संपतं. गेलं ते गेलं. चक्कर म्हणजे चक्कर, ती दोनदा मारायची असते, हे जन्मभर तो शब्द ऐकूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आप्पा सांगायचे ते नेहमी शेवटच्या वळणापासून पुढचं. तर मी निवांत, वाकून, आतल्या कडेचा एकेक ठसा न्याहाळत बसले, यातला शेवंतीचा कुठला. मूठ भरली. केसरच्या कपाळाला बोट लावते आहे तोवर पायाखालची जमीन हादरायला लागली. तो हादरा मी घरातून किती वेळा ऐकला होता. वर पाहिलं तर बाभळीआडून शेवंतीचं तोंड.

त्यापुढचं मी डोळे मिटल्याशिवाय आठवू शकत नाही. तू ओरडलास, “सरक, बाई!” मला सरकता येईना. आणि ती एवढी घोडी माझ्यापुढं उभी भिंत झाली, आडवी. तिच्या पोटाचा घाम माझ्या तोंडावर उडाला. पलीकडून बाकीची घोडी तुला वळसा घालून गेली, आणि त्यांच्या टापा नि माझी केसर यांच्यामध्ये फक्त तू होतास. तू मान वळवून माझ्याकडं पाहिलंस, मी घोंगडं आणखी पुढं ओढलं. तू मला ओळखलं नाहीस. कोण कुठल्या परक्या बाईसाठी तू हे केलंस. मी पळाले. ओढ्यात पडले, उठले, घरी येऊन बाजेवर पडले तेव्हाही मूठ मिटलेलीच होती.

हे सगळं मी त्या वळणावर उभं राहून आप्पांना सांगितलं. का तिथंच, ते मला सांगता येणार नाही. त्या हिरव्या वाटेवर उभं राहून आणखी एकदा गप्प बसण्याची माझी छाती झाली नाही, एवढंच. मला वाटलं होतं, ते हात उगारतील. त्यांनी विचारलं, “कुठं हुबी हुतीस?” मी हात धरून त्यांना त्या जागेवर नेलं. म्हणाले, तिथंच उभी राहा. मग बाभळीपर्यंत गेले, तिच्या बुंध्याला हात लावला, वळले, आणि बाभळीपासून माझ्यापर्यंत पावलं मोजत आले. पस्तीस. परत गेले, परत मोजली. पस्तीस. वळून बाभळीशी येईपर्यंत स्वाराला पुढचं माणूस दिसणं शक्य नाही, हे त्यांना ठाऊक. त्यांचे ओठ हलत होते. आणि मग म्हणाले, “पस्तीस पावलांत भरधाव घोडी आडवी घातली. घोडी पडली न्हाई. पोर पडलं न्हाई. सुबे, माज्यानं झालं नसतं. रिसाल्यात कुणाच्यानंच झालं नसतं.” आणखी थोड्या वेळानं म्हणाले, “भ्यालेल्या हाताचं घोडी ऐकत न्हाई. मला हे कळाया पायजे हुतं. घोडीच्या अंगावर वरखडा न्हवता, तवाच कळाया पायजे हुतं.” तिथंच खाली बसले. जमिनीवर दोन्ही तळवे टेकून बसले होते, माझ्याकडं पाठ करून. उठताना त्यांनी मूठभर माती धोतराच्या सोग्याला बांधली. कशाला, ते मी विचारलं नाही.

परत येताना ते माझ्याबरोबर गाडीत बसले नाहीत. अर्धा कोस गाडीचं शेपूट धरून मागून चालत आले. केजच्या मुक्कामाला मी वाढलेलं जेवले नाहीत. तो राग मी निमूट घेतला, माझाच होता तो. सकाळी तोंड धुताना त्यांनी विचारलं, “तुज्या घरी शाई हाय का?” मी म्हटलं, आहे. म्हणाले, “मंग उत्तरेश्वराला लिव.” असं, पूर्ण नावानं.

तुझ्या दाजींना मी घरी आल्या आल्या सांगितलं. मास्तर माणूस, आधी एक प्रश्न विचारला, एवढी वर्षं का नाही सांगितलंस? मी म्हटलं, भ्याले. तेव्हा सासूबाईंना भ्याले, सवतीला भ्याले, आणि मग दर वर्षी, आता इतका उशीर झालाय म्हणून भ्याले. सासूबाई दोन वर्षांमागं गेल्या. त्या असत्या तर मला आज तरी धीर झाला असता का, कुणास ठाऊक. तुला मी खोटं सांगणार नाही. आपल्या घरात भित्रं कोणी असेल तर ती मी, आणि ते नाव पंधरा वर्षं तू वागवलंस. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तो शब्द फार लहान वाटला, खोडला. दाजींनी उठून हा कागद आणून दिला. मला अक्षर त्यांनीच शिकवलं, आणि त्यातलं सगळ्यांत अवघड पत्र हे.

आणि आता जोगाईपाशी काय काम होतं ते. केसरचं लग्न ठरलंय. वैशाख शुद्ध दशमी, मुलगा उमापूरचा, घर शेतीवाडीचं, माणसं शांत. हो, तीच बोटभर केसर! पंधरा वर्षांची झालीय, विहिरीचा भरलेला पोहरा एका हातानं ओढते, एवढी दांडगी. दगडाबाई म्हणते मातीचा गुण. मी म्हणते माती आणणारीच्या भावाचा. पहिली अक्षत देवीपुढं ठेवली, दुसरी मामाची असते, ती या पाकिटात घातलीय, कुंकू थोडं कागदाला लागलंय ते पुसू नकोस. शेजारच्या पुडीत आप्पांची माती आहे. कशाला बांधून आणली ते काल कळलं, म्हणाले, “त्याला पाठीव, त्यानं ती वाट जिंकली हाय.” गेले चार दिवस भावकीतले विचारतायत, मुलीला बोहल्यावर कोण आणणार, मामा तर नाही, चुलत मामा बघू का? मी सगळ्यांना सांगितलंय, हिला मामा आहे. केसर सत्तावीस दिवसांची असताना तू तिच्या आणि घोड्यांच्या मध्ये उभा राहिलास, ती कोण आहे हे ठाऊक नसताना. आता ठाऊक आहे. आता तिचा हात धर आणि अंतरपाटापर्यंत घेऊन ये. आप्पा त्या दिवशी सकाळपासून वेशीत बसणार आहेत, आणि त्यांना दिसत नसलं तरी टांग्याचं घोडं कोण हाकतंय ते त्यांना ऐकू येईल.

तुझीच,
आत नसलेली अक्का